बादुआन्जिन शिकवणाऱ्या शांघायच्या आयींचे आभार कसे मानू?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी, विचारायला जरा संकोच वाटतोय, कदाचित उत्तर एका ओळीचंच असेल, पण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही साडेतीन वर्षं शांघायला आहोत आणि सप्टेंबरच्या शेवटी कायमचं पुण्याला परत चाललोय. इथे आल्यावर पहिल्याच थंडीत माझा उजवा खांदा धरला, फ्रोजन शोल्डर, इतका की केसांना पिन लावता येईना आणि ब्लाऊजच्या हुकासाठी मुलीला हाक मारायची वेळ आली. इथली थंडी आपल्याकडच्यासारखी कोरडी नाही हो, ओली आहे, हाडात जाऊन बसते. फिजिओ चालू होता, त्याने फरकही पडत होता, पण दिवसभर घरात एकटी, भाषा येत नाही आणि वर हे दुखणं, पार खचले होते मी. डॉक्टर म्हणाले रोज चालत जा, म्हणून जवळच्या लू शून पार्कात जायला लागले.

तिथे तळ्याच्या कडेला सकाळी पंधरासोळा जण, बहुतेक साठीच्या पुढचे, छोट्या स्पीकरवर संगीत लावून हळूहळू हात वर न्यायचे, खाली आणायचे. मी तीन दिवस लांबून बघत उभी राहिले. चौथ्या दिवशी सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईंनी हाताने खूण केली, ये. बस, इतकंच आमचं ॲडमिशन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बादुआन्जिन हा छीगोंगचा, म्हणजे सावकाश हालचाली आणि श्वासाच्या चिनी व्यायामाचा, प्रकार आहे, आठ हालचाली, सगळं मिळून १२ मिनिटं वगैरे लागतात. पहिली दोन्ही हातांनी आभाळ तोलून धरायची, दुसरी धनुष्य ओढायची, आणि शेवटची टाचा उचलून सात वेळा अलगद खाली सोडायची. दिसायला इतकं सोपं की आपल्याला वाटतं यात शिकायचं काय.

पहिल्याच हालचालीत माझं अडलं, उजवा हात खांद्याच्या वर जाईचना. मी डावा पूर्ण वर नेला आणि उजवा दात-ओठ खात ढकलत होते तर त्या आल्या, माझा डावा हात धरला (उजवा नाही, डावा!) आणि तो खाली आणून उजव्याच्या उंचीला थांबवला. मग मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं, चांगल्या हाताने दुखऱ्या हातासाठी थांबायचं. मला तिथे बागेतच रडू आलं. साडेतीन वर्षांत बऱ्याच लोकांनी बऱ्याच चांगल्या गोष्टी सांगितल्या असतील, लक्षात राहिली ती हीच. दोन्ही हात एकत्र वर जायला मला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी एकदाही "अजून वर" असं म्हटलं नाही. फक्त खांद्यावर दोन बोटं ठेवायच्या आणि म्हणायच्या "सोंग". आपल्याकडे सोंग म्हणजे नाटक, तिकडे सोंग म्हणजे सैल सोड. मला वाटतं मी खरंच कसलं तरी सोंग घेऊन उभी होते आणि ते त्यांनी सोडवलं.

सगळे त्यांना लाओशी म्हणजे बाई, शिक्षिका म्हणतात, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. मी त्यांना "आयी" म्हणते. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला आयी म्हणतात आणि ऐकायला ते जवळजवळ आपलं आईच, त्यामुळे मला तोंडात बसायला एक दिवस पण लागला नाही. आयी ७१ वर्षांच्या आहेत. कापडगिरणीत होत्या, नव्वदच्या दशकात इथल्या गिरण्या बंद व्हायला लागल्या तेव्हा घरी बसवलं. हे सगळं त्यांना गिरणीतल्याच एका थोरल्या सहकारी बाईंनी शिकवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, त्या बाई आता नाहीत. मी सांगितलं की माझे वडीलपण लालबागला गिरणीत साचेखात्यात होते आणि ८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत, तर ते भाषांतर वाचून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

आता प्रश्न. त्यांनी एक पैसा घेतलेला नाही. मागच्या नवीन वर्षाला लाल पाकिटात पैसे घालून दिले तर अक्षरशः रागावल्या, पाकीट माझ्या पर्समध्ये परत कोंबलं. आभार मानले की "नाली नाली" म्हणजे कुठे कुठे, आपण कसं "छे, कुठलं काय" म्हणतो तसं. म्हणतात मी शिकवत नाही, मला मिळालं ते पुढे सरकवते. तर मी त्यांना काय देऊ? आणि वाकून नमस्कार केला तर चालेल का? गुरुपौर्णिमेला मनातल्या मनात केला, पण त्यांना कळलंच नाही ना ते. १० सप्टेंबरला इथे शिक्षक दिन असतो असं कळलं, तोवर काहीतरी ठरवायचंय.

---

सुझोउ_ते_सांगली

ताई, मी सुझोउला ९ वर्षं काढलीत, शांघायपासून ट्रेनने अर्धा तास, त्यामुळे या बाबतीत चुका करून करून शिकलोय असं म्हणा.

आधी काय देऊ नका ते सांगतो. घड्याळ अजिबात नको, मोठं भिंतीचं वगैरे तर नकोच, कारण "घड्याळ देणे" आणि "शेवटच्या घटकेला सोबत करणे" याचा उच्चार त्यांच्यात सारखाच होतो, म्हाताऱ्या माणसाला तर विचारूच नका. छत्री नको, पेर (नासपती) नको, दोन्ही शब्दांत ताटातूट ऐकू येते आणि तुम्ही तर निघालाच आहात. चाकू-कात्री नको. पांढरी-पिवळी शेवंती नको, ती मयताला. चार वस्तूंचा सेट नको, चार म्हणजे मृत्यूसारखं ऐकू येतं. दोन, सहा, आठ चांगले.

देताना दोन्ही हातांनी द्या. त्या दोनतीनदा नको म्हणतील, तो नकार खरा धरायचा नाही, आपल्याकडे पाहुणा "नको नको, पोट भरलंय" म्हणतो ना तसंच. पण पैशाच्या बाबतीतला त्यांचा नकार मात्र मला खरा वाटतो, त्यात परत पडू नका. आणि तुमच्यासमोर त्या पुडकं उघडणार नाहीत, बाजूला ठेवतील, तेव्हा आवडलं नाही असं मनाला लावून घेऊ नका.

आता त्यांची स्वतःची पद्धत सांगतो, ती फार गोड आहे. डॉक्टर, शिक्षक, कुणीही ज्याने निरपेक्ष काही केलं त्याला तिथे जिन्छी देतात, लाल मखमलीचा किंवा साटिनचा लांबट झेंडा, पिवळी झालर, सोनेरी अक्षरं. दवाखान्याच्या भिंतींवर बघितले असतील तुम्ही. शिक्षकासाठी "शी-अन् नान-वांग" असं लिहितात, गुरूचे उपकार विसरणं अवघड. प्रिंटिंगच्या दुकानात दोनतीन दिवसांत करून मिळतो, फार महागही नसतो. खाली कुणी दिला ते नाव आणि तारीख.

आणि एक गंमत बघा, यातला "जिन्" आणि बादुआन्जिनमधला "जिन्" एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ किनखाब, भरजरी रेशमी कापड. बा-दुआन-जिन म्हणजे किनखाबाचे आठ तुकडे. गिरणीतल्या बाईंनी गिरणीतल्या बाईंना शिकवलेले.

---

पहाटफेरी

लेक, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी नाशिकला गेली १४ वर्षं हे करतो, माझे शिक्षक तैवानचे होते, इथे एका कंपनीत दोन वर्षांसाठी आले होते आणि कॉलनीच्या गच्चीवर आम्हा पाच जणांना शिकवून गेले. मी तेव्हा नीट आभार मानले नाहीत. एअरपोर्टला सोडायला गेलो, हात हलवला, घरी आलो. नंतर त्यांचा नंबर बदलला. त्यामुळे तू जे काही करशील ते कर पण ते समोर असताना कर, हे आधी सांगतो.

आयी म्हणतात ना "मला मिळालं ते पुढे सरकवते", ते त्या नम्रपणे म्हणत असतील पण त्यात फार मोठा इतिहास आहे. हूनान प्रांतात छांगशाला १९७३ मध्ये मावांगदुईची थडगी खोदताना एक रेशमी कापड मिळालं, त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ माणसांची चित्रं, बायका पण, पुरुष पण, म्हातारे पण. ते थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं. कोणी शिकवलं, कोणी काढलं, काही नाव नाही. मग हुआ-तुओ नावाचे वैद्य, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, त्यांनी वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी या पाच प्राण्यांचा खेळ बसवला आणि आपल्या वू-पू नावाच्या शिष्याला सांगितलं की दाराची बिजागरी कुजत नाही कारण ती हलत असते. हे वाक्य आपल्यापर्यंत आलं कारण वू-पूने ते ऐकलं आणि करत राहिला, नव्वदीपर्यंत त्याचे दात आणि कान चांगले होते असं जुन्या इतिहासात लिहिलंय. गुरूबद्दलची कृतज्ञता म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी वू-पूचे दात सांगेन.

आणि जवळच्या काळातलं सांगायचं तर ल्यू क्वेइ-चन. हेबेई प्रांतातले कम्युनिस्ट पक्षाचे साधे कार्यकर्ते, १९४० च्या दशकात पोटाच्या अल्सरने इतके खंगले की कामावरून घरी पाठवलं. गावी नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्यांना बसून, पडून, मनात एक वाक्य म्हणत श्वास घ्यायची जुनी पद्धत शिकवली, जी तोवर एका वेळी एकाच शिष्याला द्यायची चाल होती. शंभराच्या वर दिवस केली, माणूस उठून उभा राहिला. नंतर त्यांनी ती एकट्यापाशी ठेवली नाही. १९४९ मध्ये त्यांच्या गटाने या सगळ्या पद्धतींना "छीगोंग" हे नाव ठरवलं, आधी हा शब्द होता पण या अर्थाने रूढ नव्हता, मग थांगशानला आणि नंतर बेइदाइहला समुद्रकाठी त्यांचं आरोग्यकेंद्र झालं. सांस्कृतिक क्रांतीत हे सगळं जुनाट, अंधश्रद्धा म्हणून बंद पाडलं, त्यांना राबायला पाठवलं. १९८० च्या सुमारास केंद्र परत सुरू झालं आणि १९८३ मध्ये ते गेले, म्हणजे मोकळेपणाने शिकवायला शेवटी जेमतेम तीन वर्षं मिळाली. मी दर वेळी पायांत अंतर घेऊन उभा राहतो तेव्हा या माणसाची आठवण येते, मी त्यांची पद्धत करत नाही तरी.

नमस्काराबद्दल. त्यांच्यात गुरू करण्याचा विधी आहे, बाइ-शी, त्यात शिष्य गुडघे टेकून डोकं जमिनीला लावतो आणि चहाचा पेला देतो. पण ते घराण्यात रीतसर घेतात तेव्हा. बागेत सगळ्यांसमोर अचानक पाय धरलेस तर त्या बिचाऱ्या दचकतील. उजव्या हाताची मूठ, त्यावर डावा तळवा, छातीसमोर, आणि थोडं वाकायचं. हे त्यांना लगेच कळतं.

---

घाटमाथा

छान धागा. एक शंका, बोधिधर्म दक्षिण भारतातून शाओलिनला गेला आणि त्यानेच हे सगळं तिकडे शिकवलं ना? म्हणजे मुळात विद्या आपलीच, मग एका अर्थी आपण आपलंच परत घेतोय. असं त्यांना सांगितलं तर त्यांनाही बरं वाटेल.

---

पहाटफेरी

घाटमाथा, प्रेमाने सांगतो, नका सांगू. बोधिधर्माची गोष्ट चीनमध्येही लाडकी आहे, पण ती यी-जिन-जिंग या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेली आहे, बादुआन्जिनशी नाही, आणि अभ्यासक म्हणतात की त्या प्रकाराचं पुस्तक सतराव्या शतकातलं आहे, बोधिधर्म त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. आणि मावांगदुईचं कापड तर बोधिधर्माच्याही सहाशे वर्षं आधीचं. देवाणघेवाण झाली असेलच, बौद्ध भिक्षू जात-येत होते. पण आभार मानायला गेलेल्या माणसाने "हे आमचंच होतं" म्हणायचं म्हणजे ज्या बाईने आठ महिने खांद्यावर बोटं ठेवली तिच्या हातातून श्रेय काढून घ्यायचं.

---

क्वालालंपूरहून

मी सहसा लिहीत नाही इथे, फक्त वाचते, पण आज राहवलं नाही.

आमच्या आईला सहा वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला, ती तेव्हा आमच्याकडे क्वालालंपूरला होती म्हणून ऑपरेशन, केमो सगळं इथेच केलं. केमोच्या मधल्या दिवसांत ती पलंगावरून उठायचीच नाही, म्हणायची कशाला. शेजारच्या चिनी काकू एकदा येऊन तिला बागेत घेऊन गेल्या, तिथे क्वो-लिन चालण्याचा ग्रुप होता. क्वो-लिन म्हणजे एक चित्रकार बाई, १९०९ चा जन्म, त्यांना स्वतःला गर्भाशयाचा कॅन्सर होऊन परत परत ऑपरेशनं झाली होती, लहानपणी आजोबांकडून शिकलेलं आठवून आठवून त्यांनी ही चालण्याची पद्धत तयार केली. आणि १९७० च्या दशकात, म्हणजे अजून सांस्कृतिक क्रांती चालू असताना, बीजिंगच्या बागांत आजारी माणसांना शिकवायला लागल्या, त्यासाठी पोलिसांचा त्रास पण सोसला. १९८४ मध्ये गेल्या. मलेशियात अजून त्यांचे ग्रुप आहेत.

टाच आधी टेकवायची, पंजा वर, नाकाने दोन छोटे श्वास आत, एक बाहेर, शी-शी-हू, हात पोटासमोरून एकदा इकडे एकदा तिकडे. शिकवणाऱ्या काकू स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या. त्यांनी आईला पहिल्या दिवशी फक्त २० पावलं चालवलं आणि बाकावर बसवलं, आणि स्वतः शेजारी बसल्या, अर्धा तास, न बोलता, कारण आईला ना मलय येत होती ना चिनी, आणि त्यांना ना मराठी ना हिंदी. दुसऱ्या दिवशी आई स्वतःहून साडी नेसून तयार. बाहेर जायचं म्हणजे साडीच, पंजाबी ड्रेसवर चालायला जाणं तिला पटायचं नाही.

हे मी स्पष्ट सांगते की आईला बरं केलं ते ऑपरेशन आणि औषधांनी, आणि त्या काकू पण पहिल्या दिवसापासून हेच सांगायच्या, डॉक्टरची तारीख चुकली तर आईला रागवायच्या. कुणी यासाठी औषध सोडायला सांगत असेल तर तिथून उठून यावं. पण आईला उठवलं ते त्यांनी. औषध घेण्यासाठी माणूस आधी उठायला लागतो ना.

आता लेकताई तुमच्या प्रश्नाकडे येते. आईने परत जाताना काय दिलं माहितीये, स्वतः विणलेली लोकरीची टोपी. इथे क्वालालंपूरच्या उकाड्यात! आम्ही सगळे म्हटलं अगं कशाला, तर म्हणाली केमोमध्ये माझ्या डोक्याला थंडी वाजायची तेव्हा त्यांनी स्वतःची दिली होती, ती मी परत केली, ही माझी. काकूंनी ती आत्ता ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या, केस गेलेल्या बायकांसाठी बाकावरच्या पिशवीत ठेवलीय. मी मागच्या महिन्यात बघितली, धुवून धुवून रंग उडालाय.

---

फिजिओ_नगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लेकताईंच्या आयींनी दुखऱ्या हाताच्या उंचीला चांगला हात थांबवला, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पेशंट चांगल्या बाजूशी स्पर्धा करतो आणि दुखरी बाजू अजून आवळते, हे आम्ही रोज बघतो. या बाईंनी ते कुठल्या कॉलेजात न जाता ओळखलं.

एक काळजीचं बोलते, धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. चीनमध्ये ८०-९० च्या दशकात छीगोंगची फार मोठी लाट आली होती, स्टेडियम भरायची, आणि त्यात चांगल्या शिक्षकांबरोबर नुसत्या हाताच्या इशाऱ्याने रोग घालवतो म्हणणारे पण पुष्कळ निघाले. १९९९ नंतर तिथल्या मोठमोठ्या संघटना बंद झाल्या, आणि मग सरकारी क्रीडा खात्याने २००३ मध्ये चार जुने प्रकार तपासून नीट बसवून दिले, बादुआन्जिन त्यातलाच. आपल्याकडे पण गुरू म्हटलं की माणूस लगेच पायाशी डोकं ठेवतो आणि प्रश्न विचारायचे बंद करतो, आणि मग एखादा बुवा सापडला की वाट लागते. म्हणून मला आयींसारखे शिक्षक मोलाचे वाटतात, लाओशी पण म्हणू देत नाहीत, पैसे घेत नाहीत, डॉक्टरकडे जाऊ नको म्हणत नाहीत. आभार अशांचेच मोठ्याने मानावेत, म्हणजे नवीन माणसाला फरक कळेल.

---

सोलापूरकर_७१

बाई, मी सोलापूरचा, वय ७१, तुमच्या आयींच्याच वयाचा. मला छीगोंगमधलं काही कळत नाही, भेटवस्तूचं सांगतो. सोलापुरी चादर द्या.

कारण एक, त्या गिरणीत होत्या, त्यांना कापड कळतं. त्यांना चॉकलेटचा डबा नका देऊ. कारण दोन, आमचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, हेबेई भागात सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय फक्त ३२. चीनमध्ये त्यांना ख-दीहुआ म्हणतात, आयींच्या वयाच्या माणसाला ते नाव माहीत असणार. शिज्याझुआंगला त्यांची समाधी आहे, लोक अजून फुलं वाहतात. चिनी लोकांनी आमच्या गावच्या पोराची आठवण ८० वर्षं ठेवली. त्याच गावचं कापड तुम्ही त्यांच्या हातात द्या आणि सांगा कुठलं आहे ते. पांढरी नको, लाल किंवा मरून बघा. पुण्याहून कुणी येत असेल तर आणायला सांगा, नाहीतर मला मेसेज करा, मी पाठवायची व्यवस्था करतो, पैशाचं नंतर बघू.

---

लालबागची_लेक

मंडळी काय बोलू. काका, तुमचं वाचून मी लगेच दिराला फोन केला, तो ६ तारखेला कामासाठी येतोय, चादर घेऊन येईल. मरून. जिन्छी पण सांगितली करायला, दुकानदाराने अक्षरं कुठली विचारली तर सुझोउवाल्या दादांचा मेसेज तसाच दाखवला. पहाटफेरी काका, मूठ-तळवा आरशासमोर करून बघतेय. क्वालालंपूर ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

१० तारखेनंतर लिहिते.

---

लालबागची_लेक

उशीर झाला लिहायला, सामानाच्या खोक्यांमध्ये अडकले होते. सगळं सांगते.

१० तारखेला पाऊस होता म्हणून आम्ही सगळे बागेतल्या छपराखाली, जागा कमी, हात पसरले की शेजारच्याला लागत होते. आठही हालचाली झाल्या, सात वेळा टाचा खाली सोडल्या, मग मी पुढे गेले आणि मूठ-तळवा करून वाकले. आयी हसल्या. मग जिन्छी उघडली आणि त्या एकदम गप्प झाल्या. ग्रुपमधल्या एका काकांनी ती चार अक्षरं मोठ्याने वाचली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयींनी ती घेतली, पण पहिलं वाक्य काय बोलल्या तर (मुलीने भाषांतर केलं, तिला शाळेमुळे बऱ्यापैकी येतं आता) हे माझ्या थोरल्या बाईंना मिळायला हवं होतं, त्यांना कुणीच दिलं नाही, मीसुद्धा नाही. आणि मग त्यांनी त्या गिरणीतल्या बाईंबद्दल पहिल्यांदाच इतकं सांगितलं. त्यांच्या खात्यात इतका आवाज असायचा की बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या बाई कधी तोंडाने शिकवायच्याच नाहीत, दोन बोटं खांद्यावर ठेवायच्या. म्हणजे माझ्या खांद्यावर जी बोटं होती ती तिथली. मी काही बोलूच शकले नाही.

मग चादर. सुझोउवाल्या दादांनी सांगितलं होतं समोर उघडणार नाहीत, मी तयारच होते त्याला. पण कागदातून काठ दिसत होता आणि आयींनी तिथेच उघडली. नक्षीकडे बघितलंच नाही आधी! उलटी केली, मागची बाजू बघितली, नखाने धागे मोजल्यासारखे केले, काठ दोन बोटांत धरून ओढून बघितला, दशांच्या गाठी बघितल्या. माझे अप्पा लग्नाच्या खरेदीला दुकानात हेच करायचे, दुकानदार वैतागायचा. मी म्हटलं ख-दीहुआच्या गावची आहे. तर आयीच नाही, तिथले सगळेच म्हातारे "ख-दीहुआ, ख-दीहुआ" करत जवळ आले, आणि चादर सगळ्यांच्या हातातून फिरून आली, प्रत्येकाने हात पुसून मग हात लावला. सोलापूरकर काका, हे तुमच्यासाठी खास लिहितेय.

पुण्यात येऊन आता १२ दिवस झाले. आयींनी अट घातलीय, दर रविवारी व्हिडिओ पाठवायचा. पहिला पाठवला, गच्चीवरचा, सासूबाई पण मागे उभ्या राहून करत होत्या, त्यांचा डावा गुडघा दुखतो म्हणून त्या अर्ध्याच वाकतात. मला वाटलं माझ्या धनुष्याबद्दल काहीतरी बोलतील, माझी कोपरं नेहमी खाली पडतात. आयींचं उत्तर आलं ते सासूबाईंबद्दल, मला विचारलं की मागच्या बाई जितक्या वाकतात तितकीच तू का वाकत नाहीयेस.